अँगलराव समुद्रावर जातात

त्यांचं खरं नाव फक्त ऑफिसच्या हजेरीत उरलं होतं. बाकी सगळे त्यांना अँगलराव म्हणायचे, काही तोंडावर, बरेचसे पाठीमागे.

विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करायची ही त्यांची नोकरी. गॅरेजच्या अंगणात चेपलेली गाडी असायची, शेजारी रडवेल्या चेहऱ्याचा मालक असायचा, आणि अँगलराव त्याला "जरा सरका, तुमची सावली पडतेय" असं म्हणून कामाला लागायचे. गाडी समोरून, डावीकडून, उजवीकडून, मागून, आणि शेवटी चेपलेली जागा अगदी जवळून. वर्षानुवर्षं हे काम त्यांनी इमानेइतबारे केलं. मग एका बेसावध दुपारी एक गॅरेजवाला त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "साहेब, बंपर काय आलाय हो! नव्याला मागे टाकेल." गॅरेजवाल्याला क्लेम लवकर पास करून हवा होता. अँगलरावांना मात्र आपण कलावंत आहोत असा साक्षात्कार झाला.

तेव्हापासून घरात लेन्स येऊ लागल्या. बायकोच्या कपाटातला मधला कप्पा आधी रिकामा झाला, मग वरचा. लेन्सांना दमट हवा सोसत नाही म्हणून त्या कपाटात एक छोटा दिवा रात्रंदिवस जळायचा. "मला सर्दी झाली तर कधी दिवा लावला नाही यांनी," असं बायको म्हणायची. ती फिजिओथेरपिस्ट होती. दुखत असलेल्या माणसाला दुखत नाही असं पटवून देणं हा तिचा पेशा, त्यामुळे तिचा आवाज कधी चढत नसे, पण समोरचा आपोआप वाकत असे.

सुट्टीवर जायचं तिनंच ठरवलं. वाळवंट सरळ समुद्रात उतरतं अशा ठिकाणचं एक रिसॉर्ट होतं. एका बाजूला वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला निळं पाणी, मधे खोल्या. बायकोला फक्त पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. मुलीला घसरगुंडीवाला पूल हवा होता. आणि अँगलरावांच्या आईला हवा होता एक फोटो.

"माझा एक चांगला फोटो काढ बाबा," आई म्हणाली. "नंतर भिंतीवर लावायला होईल. नाहीतर ऐन वेळी तुम्ही तो रेशनकार्डावरचा मोठा करून लावाल, आणि येणारा-जाणारा म्हणेल, म्हातारी चोर होती की काय."

"आई, तिथला उजेड बघ फक्त," अँगलराव म्हणाले. "तुला ओळखणार नाही कुणी."

"ओळखायलाच तर हवंय ना मेल्या!"

सामान भरताना पहिली चकमक झाली. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, मुसळाएवढी एक लेन्स, तिच्या तीन धाकट्या बहिणी, ट्रायपॉड, फिल्टरांचा डबा, बॅटऱ्या, चार्जर, धूळ उडवायचा रबरी फुगा. हे सगळं बसलं आणि घरच्यांच्या कपड्यांना जागा उरली नाही. अँगलरावांनी सुचवलं की समुद्रावर माणसाला कपडे लागतातच किती. बायकोनं मान वर न करता त्यांचे स्वतःचेच कपडे बॅगेतून काढून पलंगावर ठेवले. शेवटी विमानतळावर अँगलराव उतरले ते बावीस खिशांच्या जाकिटात, प्रत्येक खिशात काही ना काही कोंबलेलं. बगलेतून चार्जरची वायर लोंबत होती. तपासणीच्या रांगेत एकेक खिसा रिकामा होऊ लागला तशी मागची माणसं दुसऱ्या रांगेत गेली. "हे आमच्याबरोबर नाहीत," असं मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं आजीला सांगत होती.

पहिल्याच पहाटे त्यांनी घर उठवलं. उजाडताना टेकडीवर सोनेरी उजेड पडतो, तो मोजका वेळच टिकतो, तेव्हा चहाबिहा नंतर. आई शाल गुंडाळून, बायको ओठ आवळून, मुलगी डोळे मिटूनच टेकडी चढली. अँगलरावांनी तिघींना कडेला उभं केलं. "हनुवटी खाली. आई, तू सूर्याकडे. नाही, इतकं नाही." सूर्य वर आला. वाळू खरोखरच सोन्यासारखी झाली. अँगलरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांना पांढरं धुकं दिसलं. रात्रभर एसीत गारठलेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत आल्याबरोबर घामेजली होती. त्यांनी पुसली. ती पुन्हा घामेजली. त्यांनी फुंकर मारली, म्हणजे आणखी वाफ घातली. त्यांनी लेन्स शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे ते वाळूत बसले.

"बाबा, सोनं गेलं," मुलगी म्हणाली.

लेन्स साफ झाली तेव्हा सूर्य पांढराफटक झाला होता. "या उजेडात नाही," अँगलराव म्हणाले. "संध्याकाळी बघू." संध्याकाळी वारा सुटला. त्या वाऱ्यात, टेकडीच्या माथ्यावर, अँगलरावांनी लेन्स बदलली. गॅरेजात हे हजारदा केलं होतं, पण गॅरेजात वाळवंट नसतं. नव्या लेन्सची कडी फिरवली तर दातात वाळू यावी तसा करकर आवाज आला. तो ऐकून आईच्या अंगावर काटा आला, अँगलरावांच्या तर डोळ्यांत पाणी. आईचा फोटो पुन्हा राहिला.

दुसऱ्या दिवशी आईनं वाट बघणं सोडलं. किनाऱ्यावर एक उंटवाला होता, आणि त्याच्याजवळ गळ्यात जुनाट कॅमेरा अडकवलेला फोटोवाला. आई उंटावर चढली. उंट उठताना आधी पुढे कलला, मग मागे, आणि आई घाबरून, किंचाळून, मग जे हसत सुटली ते उतरेपर्यंत हसतच राहिली. फोटोवाल्यानं तेवढ्यात बटण दाबलं. अर्ध्या तासात फोटो छापून, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसून आईच्या हातात होता.

अँगलरावांनी तो हातभर लांब धरून पाहिला. "क्षितिज तिरकं आलंय."

"पण मी सरळ आहे ना?" आईनं फोटो काढून घेतला. "बास झालं मग."

या अपमानावर उपाय म्हणून अँगलराव पूलकडे वळले. मुसळाएवढी लेन्स लावून ते कुंड्यांच्या मागे पालथे पडायचे, कधी छत्रीच्या खांबाला मिठी मारून उभे राहायचे. मुलगी घसरगुंडीवरून ओरडायची, "बाबा, इकडे बघा! आता! आता!" बाबा हात वर करून "एक मिनिट" असं दाखवायचे, आणि धबकन आवाज झाला की दचकून लेन्स पाण्यापासून वाचवायचे.

पाण्यापाशी गुलाबी टोपीतली एक बाई रोज आरामखुर्चीवर पडलेली असे. तिनं दोन दिवस ही मुसळ आपल्या दिशेला रोखलेली पाहिली. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन मॅनेजरकडे गेली.

थोड्या वेळानं सुरक्षा रक्षक आला. "साहेब, मॅनेजरसाहेबांनी बोलावलंय. कॅमेरा घेऊन या म्हणाले."

अँगलरावांचा चेहरा उजळला. "बघ," ते बायकोला म्हणाले. "त्यांच्या लॉबीत ती फुलांची चित्रं लावलीत ना, भिकार. मला वाटलंच होतं, कधी ना कधी यांच्या लक्षात येणार." त्यांनी केसांवरून हात फिरवला. बायकोनं रक्षकाचा चेहरा नीट पाहिला, खांद्यावर टॉवेल घेतला आणि मागोमाग गेली.

रिसेप्शनच्या मागची खोली लहानशी होती. एसीतलं पाणी एका बादलीत टपटपत होतं. टेबलामागे टाय लावलेला मॅनेजर होता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. एका बाजूला गुलाबी टोपी, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा, दार भरून जाईल एवढा.

"या माणसानं परवापासून माझे फोटो काढलेत," बाई म्हणाली.

आपल्यावर काय आळ आलाय हे आता कुठे अँगलरावांच्या डोक्यात शिरलं. "मी? तुमचे? नाही हो!"

"मग दाखवा," नवरा म्हणाला.

अँगलरावांनी कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यांसमोर धरला. पहिला फोटो खुर्चीच्या मोडक्या पायाचा. तोच पाय डावीकडून. उजवीकडून. अगदी जवळून. मग पूलच्या शिडीवरचा गंज, समोरून. मग फुटकी फरशी. फाटलेली छत्री. कठड्याचा वाकलेला गज, सकाळच्या उजेडात आणि दुपारच्या उजेडात. शेवाळ. उखडलेला रंग. नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या, आणि तो बायकोकडे बघू लागला.

"पुढे जा," बाई म्हणाली. "अजून पुढे. माझे कुठे आहेत?"

"नाहीत."

"असं कसं? मी दिवसभर तिथंच असते. समोरच!"

एका फोटोच्या कोपऱ्यात गुलाबी काहीतरी दिसलं. अँगलराव ओशाळले. "माफ करा, हे चुकून आलंय. कापून टाकणार होतो."

बाईचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. आल्यापेक्षा जास्त रागावून ती निघून गेली. नवऱ्यानं अँगलरावांचा हात हातात घेऊन माफी मागितली, आणि जाताना दबक्या आवाजात म्हणाला, "एखादा तरी काढायचा होता हो. आता मला दिवसभर ऐकावं लागणार."

अँगलरावांनी सुटकेचा श्वास सोडला. पण बायको हलली नाही.

"आमचे?" तिनं विचारलं.

"काय तुमचे?"

"फोटो. आमचे दाखवा."

"काढणार आहे ना. उजेड एकदा—"

"मुलीचा एक तरी?"

अँगलराव बराच वेळ बटण दाबत राहिले. शेवटी थांबले. "हा बघ. टेकडीवरचा. हे तिचं पाऊल आहे."

बायकोनं वाळूतला तो खड्डा पाहिला. "छान आलंय," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "तुम्हाला दिसायचं तर आम्ही आधी कुठेतरी ठोकून घ्यायला हवं होतं."

मॅनेजर मात्र वेगळ्याच विवंचनेत होता. मघापासून तो आपल्याच रिसॉर्टचा गंज पाहत होता. "साहेब," तो जपून म्हणाला, "आपण नक्की काय करता?"

"पाहणी करतो. विमा कंपनीसाठी. नुकसानीची."

मॅनेजरचं धाबं दणाणलं. त्यानं उठून दार लावलं, थंड सरबत मागवलं, मग बसला. "ती शिडी आम्ही बदलणारच होतो, साहेब. मागच्याच आठवड्यात माणूस येऊन गेलाय."

"अहो, शिडी बदलू नका! तिच्यावरचा गंज म्हणजे—हे नुकसान नाही, टेक्स्चर आहे!"

"टेक्स्चर नको, साहेब," मॅनेजर काकुळतीला आला. "मुख्य ऑफिसला टेक्स्चर कळलं तर माझी नोकरी जाईल."

अँगलराव कलेवर आणखी बोलणार होते, पण बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पेशंटला टेबलावर झोपवताना ठेवते तसा. "हे सगळे फोटो पुसून टाकतील," ती मॅनेजरला म्हणाली. "आमची खोली मागच्या बाजूला आहे. पार्किंग दिसतं."

"समुद्राकडची देतो. आत्ता देतो."

"आणि सासूबाईंना तळमजला लागतो. गुडघे दुखतात."

"देतो."

मग अँगलरावांनी, मॅनेजरला शेजारी बसवून, एकेक फोटो पुसला. "हा पण?" ते विचारायचे. "हा पण, साहेब," मॅनेजर म्हणायचा. वाकलेल्या गजाशी त्यांचा हात फार वेळ थांबला. सरबत बायकोनं संपवलं.

नव्या खोलीपुढे तीन पायऱ्या उतरल्या की पाणी. बायको पाय सोडून बसली ती सुट्टी संपेपर्यंत जवळपास तिथंच होती. करकरणारी लेन्स आता अजिबात फिरत नव्हती आणि बाकीचं सामान बायकोनं बॅगेत बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे अँगलराव हात बांधून ठेवलेल्या सुतारासारखे हिंडत होते. दिसेल त्या गोष्टीसमोर दोन बोटांची चौकट धरून उभे राहायचे, मग चौकट सोडून द्यायचे. मुलीनं दंडाला धरून त्यांना घसरगुंडीवर नेलं. ते डोळे मिटून, नाक दाबून खाली आले, कानात पाणी घेऊन वर निघाले आणि म्हणाले, "वरून डावीकडनं काय छान अँगल—"

"बाबा, बोलू नका. परत चला."

ते परत गेले. किती वेळा गेले हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली होती आणि बायको ती दाबून देताना "दुखत नाहीये," असं सांगत होती.

परतीच्या विमानात खिडकीपाशी आई बसली, मधे अँगलराव, कडेला बायको, पुढच्या रांगेत मुलगी. कॅमेरे वरच्या कप्प्यात होते. विमान वळलं तेव्हा खाली संध्याकाळ होत होती. वाळूच्या टेकड्या तांबूस झाल्या होत्या, प्रत्येकीची सावली लांब पसरलेली, आणि पलीकडे समुद्राची एक चकचकीत पट्टी. असा उजेड अँगलरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ते धडपडत अर्धवट उठले.

"जरा सरक," ते बायकोला म्हणाले. "दुसरी बॉडी काढतो. तिची लेन्स धड आहे."

"नाही," बायको म्हणाली. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

अँगलराव बसले. मान लांब करून आईच्या खांद्यावरून बघू लागले. तेवढ्यात आईनं हात वर करून खिडकीचं झाकण खाली ओढलं.

"अगं आई, उघड ना! काय उजेड पडलाय बाहेर!"

"डोळ्यावर येतोय," आई म्हणाली, आणि शाल गळ्यापर्यंत ओढून झोपी गेली.