आईनं फोनवर ऐकून निवडलेलं दार

मंडळी, आज सांगलीत जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो होतो. बाबांच्या जीपचं ड्रायव्हरकडचं दार गंजून गळालं होतं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आता जीप मीच चालवतो.

रंग जुळणारं दार मिळालं म्हणून आईला फोन केला. ती म्हणाली, "रंग ऱ्हाऊ दे रं. लावून ऐकव."

मग काय! एका हातात फोन धरून मी भंगारातल्या जीपांची दारं आपटत सुटलो. कुठूनतरी हळदीचा वास येत होता, आणि आई म्हणत होती, "न्हाई, हे लय पोकळ वाजतंय."

दुकानदार हसला. "आवं दादा, दार बघून घेत्यात, ऐकून कोण घेतंय व्हय?"

चौथं दार आपटलं. आई हळूच म्हणाली, "हेच."

दार हिरवं, जीप पांढरी. तरी तिथंच बसवून घेतलं.

संध्याकाळी अंगणात उतरून दार लावलं आणि घरात गेलो. आईनं चहा तयारच ठेवला होता. बिनसाखरेचा, बाबा घ्यायचे तसा. मला दोन चमचे साखर लागते, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मी तसाच सगळा प्यायलो.

तुमच्या घरी कुणाच्या येण्याचा असा आवाज होता?