वहीत न लिहिलेला कूलर

१४ मे, बुधवार.
सकाळी सहा चाळीसला टेंबे मॅडम गेल्या. साडेदहाला सगळं आटोपून घरी आले.

मी इथे कधी काही लिहीत नाही. आज लिहिते, कारण माझी पीएचडी आणि त्यानंतरचं सगळं त्यांच्यामुळे झालं. ते कसं झालं, हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

मॅडम बॉटनीच्या. त्यांच्या लॅबमध्ये एक नियम होता.
नवीन आलेल्याने पहिले तीन महिने स्वतःचं काम करायचं नाही. एका सीनियरची वही घ्यायची आणि त्यातला एक प्रयोग पुन्हा करायचा. सीनियरला काही विचारायचं नाही. फक्त वही वाचायची.

जमला तर ठीक.
नाही जमला, तर चूक वही लिहिणाऱ्याची.

बाकीचं डिपार्टमेंट हसायचं. आमच्या त्या तीन महिन्यांना वनवास म्हणायचे.

माझं काम मोहरीवर होतं. खाऱ्या पाण्यात कोणतं बी उगवतं, एवढंच शोधायचं होतं. एक वाण फार छान उगवलं. त्यावर पेपर लिहून तयार होता. थीसिसचं मुख्य प्रकरणही तेच.

मॅडमनी माझी वही चाळली आणि म्हणाल्या, "ही वही आहे की लग्नपत्रिका? सगळं शुभच लिहिलंय."
मी हसले.
त्यांनी वहीवर सही केली आणि मीनलला दिली.

मीनल खासगी बाजार या मोहल्ल्यातली. नुकतीच एमएससी होऊन आलेली.
तिने तो प्रयोग चार वेळा केला. तिची मोहरी उगवेना.

कारण मला माहीत होतं.

बाकीची वाणं थंडीतच लॅबमध्ये करून झाली होती, या वाणाचा प्रयोग केला तो मे महिन्यात. लॅबची लाईट तासन्‌तास जायची, आणि बंद इनक्युबेटर म्हणजे भट्टी. बिया मरू नयेत म्हणून मी पेट्री डिश टिफिनच्या पिशवीत घालून दर्पण कॉलनीत घरी आणायची. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. कूलरसमोरच्या टेबलावर त्या मांडायची. आई विचारायची, यांचं पण ताट वाढू का.

वहीत मात्र लिहिलं, "इनक्युबेटर, २५ डिग्री."

कोणाला फसवायचं मनात नव्हतं. पीएचडीच्या वहीत घरचा कूलर लिहायची लाज वाटली, बस.

एका संध्याकाळी मीनल डिश धूत होती. मागे न बघताच म्हणाली, "दीदी, मुझसे नहीं होगा. घरचे म्हणतात बीएड कर. फॉर्म आणलाय मी."

मी म्हटलं, होईल गं.
आणि पर्स उचलून घरी गेले.

हे लिहितानाही बरं वाटत नाही.

सांगितलं असतं तर माझं प्रकरण गेलं असतं, आणि फेलोशिप चार महिन्यांत संपत होती. नाही सांगितलं तर ती मुलगी स्वतःला नालायक समजून निघून जाणार होती.

रविवारी मॅडमच्या जयेंद्रगंजच्या घरी गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी कूलरपासून टिफिनच्या पिशवीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

मग म्हणाल्या, "मला काय सांगतेस? मीनलला सांग. तिच्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"
"उद्या."
"मग इथे काय बसलीस?"

स्कूटी काढली आणि खासगी बाजारात गेले. मीनलने सगळं ऐकून घेतलं.
मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मी बरोबर करत होते?"

फॉर्म भरला नाही तिने. माझ्याशी आठ दिवस बोललीही नाही. ते बरोबरच होतं.

पेपर थांबवला. पुढे आम्ही दोघींनी मिळून शोधलं. कूलरच्या दमट हवेत डिशमधलं पाणी सुकत नव्हतं, म्हणून खारेपणा वाढत नव्हता. वाणात काही विशेष नव्हतं, आमच्या खोलीत होतं.

सगळं पुन्हा करायला एक वर्ष लागलं. मुदतवाढीच्या कमिटीपुढे मॅडम स्वतः आल्या. चूक माझी आहे, न विचारता वहीवर सही मी केली, असं त्यांनी सांगितलं. मी बोलायला लागले तर टेबलाखालून पाय दाबला.

नंतर नोकरीसाठी त्यांनी शिफारसपत्र दिलं. इतर गाईड पाकीट बंद करून देतात. यांनी उघडं दिलं.
"कूलरचं लिहिलंय मी त्यात. वाच. नको असेल तर दुसरं देते."

पत्रात होतं की या मुलीने एकदा खोटी नोंद केली, स्वतः येऊन सांगितली, आणि एक वर्षाचं काम पुन्हा केलं. म्हणून मी हिच्या आकड्यांवर विश्वास ठेवते.

रात्रभर विचार केला. तेच पत्र पाठवलं.

इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच आला.
"ये बात आपकी गाइड ने क्यों लिखी?"
मी म्हटलं, "क्योंकि हुई थी, सर."

नोकरी मिळाली. आज माझ्या लॅबमध्येही नवीन मुलं तीन महिने दुसऱ्याची वही वाचतात. आणि माझ्यावर वैतागतात.

मीनल आता दुसऱ्या शहरात बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी पहिला फोन तिलाच केला.

मॅडम, तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं. शेवटचा नमस्कार.

दुपारी लॅबमध्ये गेले. मुलांना सुट्टी दिली होती, कोणी नव्हतं.
दोन वीसला लाईट गेली. तीन पाचला आली.
वहीत दोन्ही वेळा लिहिल्या आणि खाली सही केली.