पातीला एक ओळ

सून परवा भांडे घासता घासता मोबाइलवर एका बाईचं बोलणं ऐकायली. फोन पालथ्या पातेल्यावर ठिवलेला. ती बाई सांगायली, आईनं रोज अर्धा घंटा सोतासाठी काढावा, गाणं म्हणावं, काही लिवावं, जीव हलका व्हतो. सुनेनं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आन मला इचारलं, "आत्या, ह्यो अर्धा घंटा काढावा कुठून?" मी म्हणलं, आत्ता ऐकत बसलीस तोच व्हता, ग्येला.

तिला बी गाण्याचा नाद हाय. बचत गटाच्या कार्यक्रमाला रचती. वहीत लिवती आन वही पिठाच्या डब्यावर ठिवती, म्हून तिच्या गाण्याला जवारीचं पीठ लागलेलं असतंय. माझ्याजवळ वही नव्हती. मी दुसरी पास हाय. तिसरीत जायच्या टायमाला धाकटी बहीण झाली, तिला संभाळायला कुणीतरी रिकामं माणूस पायजे व्हतं, आन सात वर्षाची मी सगळ्यात रिकामी निघाले. सही येती. बाकी जे रचलं ते डोस्क्यात.

मी रचायची लग्नातले गाणे. आमच्याकडं नवरदेवाची माय, म्हंजी इहीन, पंगतीला बसली की पोरीकडच्या बाया तिला गाण्यातून चिडवत्यात. तिची साडी, तिचं नाक, तिनं बुंदी किती घेतली, सगळं निघतंय. इहीनीनं हासायचं असतंय. घास गिळता गिळता हासायचं, ते बी काय सोपं काम न्हाई. आन गाणं नवं पायजे. जुनं म्हणलं की इहीन नाक मुरडती, हे तर आमच्या गावात दोनदा झालंय म्हणती.

आता कवा रचायची ते सांगते. घरात पाच लेकरं झाले, चार र्‍हायले. दोन एकर कोरडवाहू, त्यात भागत नव्हतं, म्हून दुसर्‍याच्या वावरात रोजानं. घरात बसून रचायचं म्हणलं तर सासू म्हणायची, बसलीच हायस तर लसूण सोल. मंग मी वावरात रचायला लागले. कापूस वेचताना एक बाई दोन तासं, म्हंजी झाडाच्या दोन रांगा धरती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. त्याला पात म्हणतो आमी. पात धरून ह्या बांधापासून त्या बांधापस्तोर जायाचं, कमरेची वटी कापसानं भरली की गाठुड्यात वतायची, पुन्हा दुसरी पात. माझं असं, की एका पातीला एक ओळ. बांध आला आन ओळ न्हाई आली, तर पुढच्या पातीला तीच ओळ घेऊन वळायचं. लेकरू बाभळीला झोळीत. ते रडलं की ओळ तुटायची. पाजून आले की जिथं तुटली तिथल्या झाडापाशी हुबं र्‍हायचं, बोंडाकडं बघायचं, मंग याद यायची. पुढं त्या वावरात सोयाबीन पेरलं, तवा माझे दोन गाणे कायमचे ग्येले.

ओळ लागली की हात पळायचे, अडली की मी सगळ्या बायांच्या मागं. वावराची मालकीन म्हणायची, हिचं मन थार्‍यावर नसतंय. खरं बोलायची बिचारी.

शेजारच्या पातीला माझी थोरली जाऊ असायची. गळा तिचा गोड, आन मोठा. माझा आवाज पहिल्यापासून बसलेला, फाटक्या सुपावानी. मी ओळ केली की तिला सांगायची आन ती ध्यानात ठिवायची. ती माझी वही. फरक एवढाच, की वही कवा म्हणत न्हाई, हे माझंच हाय. लग्नात जाऊ गायची, बाया म्हणायच्या, कसं सुचतंय वं बाई तुला. ती पदर सावरून म्हणायची, सुचतंय आपलं, कामाच्या रगाड्यात. रगाडा बी माझाच सांगायची. मला वाईट वाटायचं, न्हाई कसं. पर एकदा एक इहीन खरंच रुसली, बुंदीचं ताट सारून उठली, तवा हात जोडायला जाऊच गेली पुढं. मंग मला जरा बरं वाटलं.

असं चाललं व्हतं. मंग माझ्या थोरल्या लेकीचं ठरलं. आमी राणीसावरगावच्या बाजूचे, लेक दिली चुडाव्याकडं. सकाळी गंगाखेडला जाऊन रेल्वे धरायची, परभणी, पिंगळी, पूर्णा, आन दिवस कलला की चुडावा. लोकं म्हणले, नशीब काढलं पोरीनं, घरी पाच म्हशी हायत. मला त्या पाच म्हशीचंच भ्या वाटलं. दूध कोण पेणार ते ठावं नव्हतं, शेण कोण काढणार ते ठावं व्हतं.

त्या साली सगळा हंगाम मी एकच गाणं केलं. बारा कडवे. दुसर्‍याच्या पोरींसाठी केले ते उधार गळ्यानं गेले, हे मात्र आपल्या तोंडानं म्हणावं असं लय वाटायचं. पर आमच्यात पोरीच्या मायनं इहीनीला चिडवायचं नसतंय. चुलतीनं म्हणावं, मावशीनं म्हणावं, शेजारणीनं म्हणावं, ते हासण्यावारी जातंय. तेच माय म्हणली की त्यो टोमणा व्हतो, आन पोरीला तर त्या घरात नांदायचं असतंय. मला हे सगळं ठावं व्हतं. म्हून गाणं जावेला दिलं. तसं बी लग्नात मायला गायला फुरसत कुठं असती.

लग्नाच्या दिवशी इहीन पंगतीला बसली आन जावेनं सुरू केलं.

इहीनबाई आल्या, टेंपूतून उतरल्या,
पाय धुवायच्या आधी भजे हुंगाया लागल्या.

मांडव हासला. इहीन बी हासली, दात चांगले व्हते तिचे. मी कनातीमागं पुर्‍याची कणीक मळायले आन कान तिकडं. एकेक कडवं निघायलं तसं मला ते ते झाड दिसायलं. अकरावं झालं आन जाऊ थांबली. तिला बारावं आठवंना. बाया टाळी वाजवत थांबल्या, जाऊ घसा खाकरायली. सबंध हंगामाचं वेचलेलं, आन शेवटची वटी बांधावरच र्‍हायली, असं झालं मला. कणकीत हात तसेच, आन माझ्या तोंडून निघालं,

इहीनबाई, तुमचा गोठा म्हणं लय मोठा,
माझ्या लेकीला तेवढा नका पाडू भाकरीचा तोटा.

इहीनीनं हातातला घास ताटात ठिवला आन इचारलं, "कोण म्हणलं हे?" कुणीतरी हासत सांगितलं, नवरीची माय. ती हासली न्हाई.

"आमी पोरीला उपाशी मारतो व्हय?" एवढंच म्हणली आन हात धुतला.

आमच्या मालकानं हात जोडले. तिला दुसरं लुगडं नेसवलं. तिनं लुगडं घेतलं, मांडवातून उठली आन लेकीला घेऊन गेली. लेक रडत गेली, पर पोरी रडतच जात्यात, म्हून लोकांला काही वाटलं न्हाई. मालक रातच्याला मला म्हणले, "वीस वर्ष दुसरीच्या तोंडानं गायलीस, आजच तुला तोंड फुटायचं व्हतं?" मला बी तेच वाटायलं.

पंचमीला नव्या लेकी माहेरी येत्यात. आमचे मालक मुराळी म्हणून आणायला गेले आन एकटेच आले. म्हैस येलीय, पारडू झालंय, पोरीला सोडता येत न्हाई, असा निरोप. दिवाळीला पुन्हा गेले, पुन्हा एकटे. आता दुसरी म्हैस येली व्हती. संक्रांतीला मालक म्हणले, पाच म्हशी हायत, अजून तीन र्‍हायल्यात, मी जात न्हाई. पोर दिसली का, खाती का, मी इचारायची. ते म्हणायचे, दिसली, हांडा घेऊन चालली व्हती. हांडा भरलेला व्हता का रिकामा, एवढं बी त्यांनी बघितलं न्हाई.

मी गाणं सोडलं. कुणाच्या पोरीचं ठरलं की जाऊ यायची, बसायची, पान लावायची, मंग म्हणायची, एखादं कर की. मी म्हणायची, संपलं. रोज पातीत माझंच बारावं कडवं मला टोचायचं. आपण म्हणलं ते तिनं खरं करून दावलं तर, असं वाटायचं. त्या साली मी मुक्यानं कापूस वेचला. लय निघाला. मालकीन म्हणली, आता कसं मन थार्‍यावर आलं बघ.

दुसरी पंचमी आली. मुराळी गेला नव्हता. पंचमीच्या चार दिवस आधी मी दारात डाळ निवडत बसले व्हते, आन पिशवी घेऊन लेक हुबी. एकटी. मी उठून आदी तिचं मनगट धरलं. भरलेलं व्हतं. गाल बी भरले व्हते.

"माय, हात सोड, आदी ऐक," ती म्हणली. "इसरन मी. चुडाव्यापासून घोकत आलेय. पिंगळीला एक बाई बोलत बसली तर निम्मं ग्येलं व्हतं."

आन उंबर्‍याच्या बाहीरच हुबी र्‍हाऊन तिनं म्हणून दावलं,

गोठ्यात म्हशी पाच, दूध लेकीच्या ताटी,
तुमी गाता मांडवात, मी म्हशीच्या पाठी.

मला काही कळंना. मंग तिनं सांगितलं. सासू आठ दिवस रागात व्हती. नवव्या दिवशी धार काढताना माझंच कडवं गुणगुणायली. ती बी माझ्यासारखीच निघाली, तिच्या गावात लग्नातले गाणे तिचे, म्हणायच्या दुसर्‍या. तिला उत्तर द्यायचं व्हतं. लिवता तिला बी येत न्हाई. निरोप नेणारी माझी लेक एकटीच. मंग उत्तर तयार झाल्याबिगर तिला पाठवून काय फायदा?

मी म्हणलं, "दोन ओळीला वर्ष लागलं व्हय?"

"पाच म्हशी हायत, माय. ओळ जुळत आली की एखादी लाथ मारायची. मंग पुन्हा पहिल्यापासून."

मी वर्षभर पोरीच्या पोटाची काळजी केली आन तिकडं ती बाई यमक हुडकायली. मला राग यायला पायजे व्हता. पर पाच म्हशीच्या मधी दोन ओळी कशा व्हत्यात, ते माझ्याइतकं कुणाला कळणार.

लेकीला पाणी दिलं, ती टेकली, तवा म्हणली, "आन जाताना म्हणल्या, तुझ्या मायला सांग, घाई न्हाई. तिचं उत्तर घेऊनच ये."

मी दुसर्‍या दिवशी खुरपायला गेले. वर्षाचं मन साचलेलं. पहिल्या पातीला एक ओळ आली आन माघारी वळताना दुसरी.

मांडवात न्हाई बाई, मी बी कापसाच्या पाती,
उत्तर धाडते तुमाला लेकीच्याच हाती.

जावेनं शेजारच्या पातीतून ऐकलं. ओठ हालवून दोनदा घोकलं बी, सवयीनं.

सांजच्याला घरी आलो तर लेक दारात पाय पसरून बसलेली, सुपात शेंगा, येणी सुटलेली. ती म्हणली, "सुचलं का गं माय?"

"कुठलं सुचतंय," मी म्हणलं. "कामातून फुरसत पायजे की."

जावेनं माझ्याकडं बघितलं, मंग लेकीकडं बघितलं, आन सुपातल्या दोन शेंगा उचलून आपल्या घरी गेली. उभ्या जन्मात तिनं कुणाला म्हणून न दावलेलं माझं ते एकच गाणं. पंचमी झाली, पोळा झाला, महालक्ष्म्या जेवून गेल्या, लेक माझ्यापाशीच, तरी मला काही सुचलं न्हाई.