सेठजींचा कोतवाल

दवाखान्यात माणूस दुखणं घेऊन जातो अन् परत येताना किस्से घेऊन येतो. दुखणं डॉक्टर ठेवून घेतात, किस्से कोणी ठेवून घेत नाही! मग ते साठत जातात. माझ्याजवळचे हे किस्से वर्ध्याच्या एका दवाखान्यातले, मोबाइल नवेनवे निघाले होते तेव्हाचे.

आम्ही तिघं होतो. मी नालवाडीचा, बापूराव गिरडकडचे शेतकरी, अन् सिंदी रेल्वे गावचे सेठजी, त्यांचं कपड्याचं दुकान. तिघांच्याही लघवीच्या पिशवीत कॅन्सर निघाला होता. दुर्बीण घालून तो खरडून काढला. पण पुन्हा उगवू नये म्हणून दर मंगळवारी नळीनं पिशवीत दवाई सोडायचे. दवाई कोणती, तर टीबी होऊ नये म्हणून लहान लेकरांच्या दंडात टोचतात ती बीसीजी!

पहिल्याच दिवशी बापूराव सिस्टरला म्हणाले, "बाई, हे तं दंडाची दवाई. रस्ता चुकून इकडं आली काय?"

*

डॉक्टर मोठे समजावून सांगणारे. म्हणाले, "अंगात काही पेशी असतात, फांद्या फुटल्यासारख्या. त्या म्हणजे गावचा कोतवाल. चोर धरायचा अन् त्याचं तोंड साऱ्या शिपायांना दाखवायचं, हे त्यांचं काम. तुमचा कोतवाल झोपला आहे. ही दवाई म्हणजे त्याच्या दाराची कडी वाजवणं."

बापूरावांनी मान डोलावली. "पटलं साहेब. आमच्या गावचाही असाच झोपते!"

*

दवाई दोन तास धरून ठेवायची. वरून दर पाव तासाला कूस बदलायची, म्हणजे ती पिशवीत सगळीकडे लागते. सिस्टर दारातून ओरडायची, "बदला!" की आम्ही तिघं तव्यावरच्या भाकरीसारखे उलटायचो.

एकदा सिस्टर कामात होती, म्हणून सेठजींच्या मोबाइलवर गजर लावला. तो वाजला, आम्ही उलटलो. लगेच पुन्हा वाजला, पुन्हा उलटलो. तिसऱ्यांदा वाजल्यावर सेठजींनी फोन कानाला लावला अन् ओरडले, "अरे, गिऱ्हाइकाचा फोन हा! तू पांढऱ्या लट्ठ्याचा भाव विचारून राह्यला अन् आम्ही इथं लोळून राह्यलो!"

*

लघवीत दवाई उतरते, म्हणून घरी गेल्यावर त्या दिवशी संडासात ब्लीचिंग पावडर टाकायची, असं सांगितलं होतं. बापूरावांचा सारा दिवस शेतात. ते पुडी खिशात घेऊन हिंडत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लघवीला बसून उठले की पांढरी पावडर भुरभुरवत.

शेजारच्यानं हटकलं, "काऊन बापूराव, धुऱ्याले खत देऊन राह्यले?"

"खत नाई बे, गवताले टीबी होऊ नाई म्हणून!"

*

सेठजींचं मात्र अवघड होतं. त्यांचा कॅन्सर एकदा परत येऊन गेला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "आता आला तर लघवीची पिशवीच काढावी लागेल. मग पोटाला बाहेरून थैली."

"गिऱ्हाइकापुढं थैली लटकवून कसा बसू?" सेठजी म्हणायचे, अन् भिंतीकडे तोंड करायचे. त्या वेळी कोणी "बदला" म्हटलं नाही तरी चालायचं.

पुढच्या मंगळवारी बापूराव हसतच आले. "दवाई घेतली त्याच राती ताप आलता! कोतवाल उठला!" मलाही थोडी कणकण आली होती. सेठजी कोरडेच. डॉक्टर म्हणाले, "ताप आला नाही म्हणून दवाई लागली नाही, असं नसतं." पण सेठजींना ते पटेना. "ज्याच्या घरी गडबडच नाई, त्याचा कोतवाल उठला कशावरून?"

शेवटच्या दवाईनंतर त्यांचा पोरगा घाबराघुबरा दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, बाबूजींच्या डोक्यावर परिणाम झाला! तापानं दोन गोधड्यांत कुडकुडून राह्यले अन् मले म्हणतात, पेढे वाट!"

*

मग सेठजींच्या तपासणीचा दिवस आला. पुन्हा दुर्बीण. मी अन् बापूराव सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसलो.

दार उघडलं. स्ट्रेचरवर सेठजी, कमरेखाली बधिर, डोळे छताकडे. डॉक्टरांनी त्यांना दुर्बिणीतून पिशवीत दिसत होतं ते आतल्या टीव्हीवर दाखवलं होतं.

बापूरावांनी स्ट्रेचरची दांडी धरली. "सेठ, पिशवी राह्यली का गेली?"

"राह्यली. माह्या डोळ्यानं पाह्यली. धुतलेल्या लट्ठ्यासारखी साफ!"

बापूरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग वाकून हळूच विचारलं, "अन् कोतवाल? तो दिसला काय?"

सेठजींनी जरा विचार केला.

"नाई दिसला. गस्तीवर गेलता!"