मेंटेनन्सवाल्यांनी जोडलेला कॉम्प्युटर

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. सकाळी गारवा, दुपारी कडक ऊन.

आमच्या मेंटेनन्स खात्यात किस्से भंगारासारखे साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण कोपरा भरत जातो. हे ताजे, कॉम्प्युटरचे.

आमचा इलेक्ट्रिशियन कांबळे बदलापूरला मांजर्लीत राहतो. त्याच्या मुलीला, सुजाताला, गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालेल असा कॉम्प्युटर स्वतः जोडायचा होता. पैसे सोफ्यासाठी ठेवलेले. वहिनींची अट साधी होती, "रविवारी गेम चालला तर ठीक. नाहीतर सगळं दुकानात परत, आणि सोफा येणार!"

*

खरेदीला कांबळे, सुजाता आणि मी उल्हासनगरला गेलो. सोबत आमचा फिटर गायकर. तो कुठलीही वस्तू वजनावर पारखतो. दोन पॉवर सप्लाय दोन हातांत घेऊन म्हणाला, "ह्यो जड हाय, ह्योच घे."

मग त्याच्या हातात रॅम आली. त्याने ती वर-खाली केली. "ह्यात तर कायच नाय!"

दुकानदार म्हणाला, "काका, इसका वजन नहीं, मेगाबाइट होता है!"

*

कांबळे प्रत्येक वस्तू दोन-दोन मागत होता. "एक चालू, एक स्टँडबाय."

सुजाता म्हणाली, "पप्पा, हा कूलिंग टॉवरचा पंप आहे का?"

*

दुकानदाराने निळे दिवे लागणारा, काचेच्या बाजूचा कॅबिनेट पुढे केला. सुजाताने साधा पत्र्याचा घेतला, मॉनिटर जुना घेतला, आणि वाचले ते सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घातले. "गेम कार्डावर चालतो, दिव्यांवर नाही."

गायकर परतीच्या रिक्षात हळहळत होता. "पण दिवं नाय, तर लोकांना कलनार कसा आत काय हाय?"

*

आज कांबळेच्या घरी जोडणी. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये लावायला दुकानदाराने पेस्टची छोटी ट्यूब दिली होती. गायकरला ती पुरेशी वाटेना. त्याने पिशवीतून ग्रीसचा डबा काढला आणि बोट बुडवलं. सुजाताने प्रोसेसर मुठीत लपवला.

"काका, हे बेअरिंग नाही! हे फिरत नाही!"

"फिरत नाय, तर गरम कशाला होतंय?"

*

मग जागेचा प्रश्न. मांजर्लीत पावसाळ्यात नदीचं पाणी घरात शिरतं, म्हणून मोलाच्या वस्तू उंचावर. वहिनींनी कॅबिनेट थेट लोखंडी कपाटावर ठेवला. मॉनिटरची वायर पोहोचेना.

"आई, खेळायचं कसं?"

"स्टूल आहे ना!"

शेवटी टेबलाखाली दोन थर विटा लावून तडजोड झाली.

*

चारच्या सुमारास सगळं जोडून झालं. कांबळे भजी आणायला गेला होता. सुजाताला धीर निघेना. तिने बटण दाबलं. काहीच नाही. पंखासुद्धा हलला नाही.

तिने रॅम काढून पुन्हा बसवली. कार्ड काढून बसवलं. गायकर म्हणाला, "जड पॉवर सप्लाय घेतला, त्याचा दोस नाय." मी वायरी एकेक करून तपासल्या. सगळ्या जागेवर होत्या. वहिनींनी माळ्यावरून रिकामी खोकी काढली. सुजाता तोंड फिरवून ग्राफिक्स कार्डाचे स्क्रू सोडायला लागली.

कांबळे भजी घेऊन आला. खोकी बघून थबकला.

"बटण कोणी दाबलं?"

"मी."

"मी क्लिअरन्स दिला होता का?"

त्याने भजी टेबलावर ठेवली आणि पँटच्या खिशातून हॉलच्या प्लगचा फ्यूज काढला. कंपनीत मशीन उघडी असली की, चुकून कोणी चालू करू नये म्हणून, फ्यूज इलेक्ट्रिशियनच्या खिशात असतो. गायकर आणि मी इतकी वर्षं तेच बघतोय.

"काम पूर्ण?" कांबळेने विचारलं.

"स्क्रू परत लावू दे," सुजाता म्हणाली. लावून झाल्यावर म्हणाली, "पूर्ण."

त्याने फ्यूज बसवला.

गेम चालला. पहिली शर्यत वहिनींनी खेळली, आठ गाड्यांत आठव्या आल्या. सुजाताला कीबोर्ड रात्रीच्या जेवणानंतर मिळाला.