मराठी कासवं

मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, सौंसरजवळ, हायवेनं तळ्याचे दोन तुकडे केले. तिथल्या पंक्चरवाल्याकडे मी नेहमी थांबतो. हवा भरली की तो व्हॉल्व्हला थुंकी लावून बघतो, आणि बुडबुडा आला नाही की चाकालाच “शाब्बास” म्हणतो.

कासवांसाठी रस्त्याखालून भुयार आहे, वर हिंदीत पाटीही आहे. तरी कासवं डांबरावरूनच जातात आणि चिरडली जातात.

परवा तो पंक्चरवाला ब्रश घेऊन त्या पाटीखाली मराठीत लिहीत होता: ‘कासवांनो, इकडून या.’

“हे काय करून राहिले?” मी विचारलं.

“आपल्या इकडचे कासवं हायेत भाऊ. त्यायले हिंदी कुठून येईन?”

मी हसलो. “मग ट्रकवाल्यायसाठी पण लिहा ना, गाडी हळू चालवा म्हणून.”

त्याचा ब्रश थांबला.

“ते तर कधीचंच लिहेल हाय,” तो म्हणाला. “अन् त्यायले वाचताही येते.”