सरड्याला आग्रह

पोरिरुआ स्टेशनवर रोज भेटणाऱ्या त्या काकूंचं नाव मी कधी विचारलंच नाही. भर थंडीतही पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि हातात स्टीलचा डबा. मी मराठी आहे हे कळल्यापासून तो डबा रोज माझ्यापुढे यायचा. मी "नको" म्हणायचे, आणि "घे गं, एवढीशी तर आहे," म्हणत काकू माझ्या तळहातावर वडी ठेवायच्याच.

या देशात साप पाळायला बंदी, म्हणून त्यांच्या मुलाने दाढीवाला सरडा पाळला होता. मुलगा नोकरीसाठी ऑकलंडला गेला आणि सरडा काकूंकडे राहिला.

एका सकाळी त्या रडवेल्या दिसल्या. "खाल्लेलं सगळं बाहेर काढतोय गं."

सरड्याचं पोट भरलं तरी काकू "हा शेवटचा" म्हणत चिमट्याने आणखी एक किडा त्याच्या तोंडाशी धरायच्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, त्याच्या उबेचा दिवा नीट गरम ठेवा, मोजकंच द्या आणि खाल्ल्यावर त्याला उचलू नका.

"आग्रह न करता वाढायचं तरी कसं?" काकूंनी मला अगदी मनापासून विचारलं.

पंधरा दिवसांनी त्या फलाटावर लांबूनच फोन उंच धरून आल्या. फोटोत दिव्याखाली ऐटीत बसलेला सरडा होता आणि त्याच्या शेजारी त्याची शी.

"पचलं! चार किडे दिले आणि पाचवा परत डबीत टाकला. मी!"

मग त्यांनी डबा उघडला. आत नारळाच्या वड्या होत्या.

"घेतेस?"

"नको," मी सवयीने म्हटलं.

"बरं," काकू अभिमानाने म्हणाल्या आणि त्यांनी झाकण घट्ट लावलं.